काटकसरीचे शब्द आणि एक न दिलेली साडी

लातूरला मी जर्मन शिकवते. वर्गात बहुतेक नर्सिंग झालेल्या मुली असतात. त्या सहा-आठ महिने घासतात, परीक्षा पास होतात, पेढे देतात आणि जातात. विमानतळावरून एक फोटो येतो. पुढं काही दिवस ‘मॅडम, इथं फार थंडी आहे’ असे मेसेज येतात, मग तेही थांबतात. मी स्वतः जर्मनी पाहिलेली नाही. ज्या भाषेत मी दिवसाचे सहा तास बोलते त्या भाषेत माझ्याशी गप्पा मारणारं लातूरमध्ये कुणी नाही. वर्ग सुटला की मी खोलीवर येते, पाण्याचा टँकर येऊन गेला का ते खाली विचारते, आणि लॅपटॉप उघडते.

गेल्या वर्षी भाषांतराचं एक काम मिळालं. परदेशातल्या शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-जर्मन शब्दसंग्रह तयार होत होता आणि त्यातला ‘काटकसर आणि घरखर्च’ हा भाग माझ्याकडे आला होता. इंग्रजी शब्द त्यांनी दिले होते. मी जर्मन शब्द लिहायचा, एक वाक्य करून दाखवायचं, आणि शेवटच्या रकान्यात एक खूण करायची: हा शब्द कौतुकानं वापरतात की टोमणा मारायला. कौतुक असेल तर अधिक, टोमणा असेल तर वजा.

हे काम माझ्यासाठीच जन्माला आलंय असं मला वाटलं. चांगलं काय आणि वाईट काय, हे ठरवायला मला कधीच वेळ लागलेला नाही. थ्रिफ्टीला श्पारझाम, म्हणजे काटकसरी; अधिक. स्टिंजीला गाइत्सिग, म्हणजे चिक्कू; वजा. फ्रुगलला गेन्यूगझाम, म्हणजे थोडक्यात समाधान मानणारा; त्याला मी अधिकची खूण इतक्या जोरात केली की माझी मीच हसले. दुपारभर खोलीत मी एकटी मोठ्यानं शब्द म्हणत होते, श्पारझाम, गेन्यूगझाम, आणि समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई माझ्याकडे बघत होती.

ही ठाम खूण करायची सवय मला घरात लागली. आमचं घर नांदेडला. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. हुंड्यावर, बुवाबाजीवर, लग्नातल्या फिजूलखर्चीवर. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असत. मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवली आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. चौथीत ‘माझी गाय’ या निबंधाचा शेवट मी ‘तेव्हा बंधुभगिनींनो, जागे व्हा’ असा केला होता. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, सगळी पोरं खिदळली. बाबांनी मात्र तो जपून ठेवला.

आई पत्रकं वाचायची नाही. ती आमच्यासाठी चहा करायची, आलेल्या कार्यकर्त्यांना पोहे करायची. तिचं माहेर देगलूरचं, पाच बहिणी आणि एक भाऊ. वर्षातून पाच-सहा लग्नं तरी निघायचीच. त्यासाठी तिची एक पत्र्याची पेटी होती. त्यात देण्याघेण्याच्या साड्या, ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या. कुठल्या लग्नात आहेर म्हणून आलेली साडी ती उघडायची नाही. घडी तशीच पेटीत, आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या ओटीत. कुणी दिलेली साडी चुकून त्याच घरी जाऊ नये म्हणून आतल्या काठाला ती रंगीत दोऱ्याचा एक टाका घालायची. देगलूरकडच्यांना लाल, धर्माबादकडच्यांना हिरवा. या टाक्यांचा हिशोब तिच्या डोक्यात पक्का असायचा.

मी एकोणीस वर्षांची असताना तिनं उमरीच्या एका लग्नातून आणलेली साडी पेटीत ठेवण्याआधी सहज उलटली, तर आत तिचाच लाल टाका. सहा वर्षांपूर्वी तिनं ती भलत्याच कुणाला दिली होती. एवढी घरं फिरून ती परत आली होती, घडी न मोडता. आई हसून हसून खाली बसली. “आली बघ फिरून,” म्हणाली, “लेक माहेराला आल्यागत!”

मी हसले नाही. मी लिहायला बसले.

पत्रकाचं नाव होतं ‘आहेर बंद करा’. त्यात मी ती साडी घातली. ‘एक साडी सहा वर्षं घरोघर हिंडते आणि कुणाच्याही अंगाला लागत नाही. ही माया नव्हे, हे ढोंग आहे.’ वाक्य चांगलं होतं. आजही मला ते चांगलंच वाटतं. शेवटी लिहिलं, ‘आम्ही खाली सही करणारे या घरातले तिघे आजपासून आहेर घेणार नाही व देणार नाही.’ बाबांनी सही केली. मी सही केली. आई भाजी आणायला गेली होती आणि मजकूर संध्याकाळच्या आत छापायला जायचा होता. आईची सही मला येत होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी ती कितीदा केली होती. मी ती केली. आईला विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही. आई आमच्यातलीच होती ना.

त्याच महिन्यात देगलूरला मामाच्या मुलीचं लग्न होतं. मी मांडवात, पंगती बसायच्या आधी, स्वतःच्या हातानं पत्रकं वाटली. आज कुणी असं केलं तर मी त्याला वेडा म्हणेन. तेव्हा मला ते धाडस वाटलं. बायकांनी त्या कागदाचे पुडे वळले आणि त्यात अक्षता भरल्या. एक म्हातारी मला म्हणाली, “कागद लई चांगला हाय, बाई.” मी रागानं लाल झाले. मामीनं मात्र ते पूर्ण वाचलं. त्यात तिचं नाव नव्हतं, पण ती साडी कुठल्या घरांतून गेली असणार हे नात्यातल्या प्रत्येक बाईला कळत होतं. मामीनं कागदाची चौकोनी घडी घातली आणि कमरेला खोचली. आईच्या मांडीवर पिशवी होती, नवऱ्या मुलीसाठी आणलेली साडी त्यात होती. ती पिशवी तशीच नांदेडला परत आली.

त्यानंतर आमच्या नात्यात आहेर बंद झाले का? एकाही घरात नाही. सगळे देत राहिले, घेत राहिले. आमचं पत्रक एकाच घरी लागू झालं, ते म्हणजे आमच्या. मला तो विजयच वाटला. पुढं मी शिकायला पुण्याला गेले, मग लातूरला आले. बाबा गेले. आई नांदेडला एकटी राहिली. सुट्टीत गेले की ती मला सांगायची, अमकीचं लग्न झालं, तमकीचं डोहाळजेवण झालं. मी समजायची की ती सगळ्यांत बसून, जेवून आली.

शब्दसंग्रहात ‘री-गिफ्ट’ हा शब्द आला तेव्हा मी घाईत होते. वायटरफेरशेंकन, मिळालेली भेट पुढं देऊन टाकणे. वाक्य लिहिलं, ‘माझी आई मिळालेली साडी न उघडता पुढच्या लग्नात देते.’ खूण, वजा. पुढचा शब्द.

आठवड्यानं, यादी तपासणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. त्या जर्मन, वयानं मोठ्या असाव्यात, पत्र फार अदबीनं लिहायच्या. बाकीच्या शब्दांवर किरकोळ दुरुस्त्या होत्या. या ओळीपाशी त्यांनी लिहिलं होतं, ‘वाक्य सुंदर आहे. पण वजाची खूण का? हा टोमणा कोण मारतं? तुमच्या आईच्या गावातल्या बायका मारतात का?’

मी तिथंच उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या परिच्छेदात देवाणघेवाणीची प्रथा, दुसऱ्यात तिच्यातला दिखावा, तिसऱ्यात बाईवर पडणारं ओझं. जर्मनमध्ये पत्रक तयार होत होतं. मग वाटलं, त्यांनी विचारलंय ते एवढंच की बायका काय म्हणतात. तेवढं आईला विचारून घ्यावं. मी फोन लावला.

“आई, आहेरातली साडी पुढं देणारीला तुमच्याकडं काय म्हणतात? चिक्कू म्हणतात का?”

“चिक्कू कशाला म्हणतेत? समदेच देतेत की.”

“मग कुणाला चिक्कू म्हणतात?”

“जी देतच न्हाई तिला. आता काय म्हणतेत मला काय ठावं. मी कुठं बसते बायकांत.”

“म्हणजे? तू गेल्या महिन्यात उमरीला गेली होतीस ना?”

“गेले होते. अक्षता टाकल्या न् आले.”

“जेवली नाहीस?”

“जेवणापाठीमागं आहेराला बसवतेत. तवा उगं तिथं कशाला बसायचं? माझ्याकडं बघून त्यांना अवघड व्हतंय, त्यांच्याकडं बघून मला.”

मी विचारलं, कधीपासून असं करायलीस. ती म्हणाली, “तवापासून.”

आठ वर्षं. प्रत्येक लग्नात अक्षता पडल्या की पिशवी उचलायची आणि बस स्टँड गाठायचा. मी त्याच आठ वर्षांत चार लेख लिहिले होते, स्त्रियांना सार्वजनिक जागा कशी नाकारली जाते त्यावर. फोन ठेवल्यावर मी ती ओळ पुन्हा उघडली. वजा पुसून अधिक करायची माझी हिंमत झाली नाही, कारण पत्रकातलं मला काही खोटं वाटत नव्हतं. वजा ठेवायची लाज वाटत होती. रकाना मोकळा सोडून मी यादी परत पाठवली. बाईंनी कळवलं की मोकळा रकाना चालत नाही, आणि एका शब्दासाठी अख्खा भाग अडवून ठेवता येणार नाही. तो शब्द त्यांनी यादीतून काढून टाकला.

पुढच्याच महिन्यात देगलूरला मामाच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. मी आईला म्हटलं, आपण दोघी जाऊ. आणि या वेळी थांबू.

“थांबून काय करू?”

“आहेर दे.”

मी आदल्या दिवशी नांदेडला पोचले तर पलंगावर एक साडी काढून ठेवलेली होती. मोरपंखी रंग, घडीच्या रेषा पिवळट पडलेल्या. मी म्हटलं, चल, नवी घेऊ. आई म्हणाली, “नवी कशाला? हीच द्यायची राहिलीय त्या घराला.” आठ वर्षांपूर्वी मांडीवरून परत आलेली ती हीच साडी. पेटीतलं बाकी सगळं तिनं कधीच कामवालीला, शेजारणींना वाटून टाकलं होतं. ही तेवढी ठेवली होती.

बसमध्ये नरसी गाव मागं पडल्यावर ती म्हणाली, “तिनं घेतलीच न्हाई तर?”

“मामीनं? का नाही घेणार?”

“तिचा काय दोष? आपणच छापून दिलंय.”

लग्न दुपारी लागलं. अक्षता पडल्या, आणि आईचा हात सवयीनं पिशवीकडे गेला. मी तो धरून ठेवला. पंगत झाली. मग मामाच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली, मधे पाट मांडला. बायका भिंतीला टेकून बसल्या. मराठीत सुरू झालेलं वाक्य तेलुगूत संपत होतं, मग कुणीतरी कन्नडमध्ये त्याच्यावर हसत होतं. मला बघून एक मावशी म्हणाली, “आली बघा पत्रकवाली! आज काय वाटायलीस गं?”

“आज काही नाही, मावशी.”

“मग अक्षताला कागद कुठून आणायचा?” सगळ्या हसल्या. मीही हसले, हसायचंच होतं.

“काय काम करायलीस म्हणे लातूरला?”

“जर्मन शिकवते. शब्दांचं भाषांतर करते. काटकसरीचे शब्द.”

“जर्मनीत आहेर असतो का पण?”

“असतो. पण पाकिटाला रिबन लावतात.”

“मग बंद करायला जा की तिकडं,” मावशी म्हणाली, “आमचं तर झालं बंद करून!”

मामी एकेकीला पाटावर बसवत होती. कुंकू, खांद्यावर साडी, ओटीत तांदूळ आणि नारळ, वाकून नमस्कार. थोरल्या मावशीपासून सुरू करून ती क्रमानं येत होती. आईची पाळी आली तशी ती आईला पाटाकडं न नेता तिच्यापाशी आली, कुंकवाचं बोट टेकवलं आणि हळूच म्हणाली, “वन्सं, तुमचं तत्त्व हाय. म्हणून नुसतं कुंकू लावते हं. राग मानू नका.”

मामीच्या आवाजात टोमणा नव्हता, याचीच मला धास्ती वाटली. टोमणा असता तर मी भांडले असते. तिनं आमचं पत्रक मनापासून पाळलं होतं. आई म्हणाली, “न्हाई, राग कशाचा,” आणि पायानं पिशवी मागं भिंतीकडं सरकवली.

मामी पुढच्या बाईकडं वळली होती. मी उठले.

“मामी, त्या पत्रकावर आईची सही नव्हती.”

“काय म्हणतीस?”

“ती मी केली होती. तिच्या नावानं. तिला विचारलं नव्हतं. छापून आल्यावरच तिला कळलं.”

मामीनं आईकडं पाहिलं.

“वन्सं, खरं का?”

“आता कशाला काढायलीस ते,” आई मला म्हणाली.

“मला सांगा. खरं का?”

“हाव.”

“आन् आठ वर्सं तुमी बोलल्या न्हाई? मी इथं परत्येक लग्नात म्हणायची, वन्सं शिकलेल्या घरात गेल्या, आपल्या साडीची त्यांना किळस आली. मी मनात तुमाला काय काय बोलले!”

“लेकरानं लिहिलं व्हतं,” आई म्हणाली. “चार माणसांत वाटलं व्हतं. मी न्हाई म्हणले असते तर ती खोटी पडली असती.”

मी पंधरा वर्षांची असल्यापासून सत्य या विषयावर बोलत आले आहे. स्पर्धांत बक्षिसं घेतली आहेत. तिथं मी वाकून सतरंजीची दुमडलेली कड सरळ करत राहिले.

मामीनं डोळे पुसले आणि लगेच ओरडली, “बसा बसा, पाटावर बसा! अगं, ती जांभळी न्हाई, ती वरची काढ, कपाटातली! वन्सं, ही कुटूनबी आलेली न्हाई हं, उदगीरच्या दुकानातली हाय, पावती दाखवू का?”

“आन् आलेली असली तर?” आई म्हणाली. “मला चालती. उलट बघते, माझाच टाका हाय का.”

खोलीत हशा पिकला. आईनं पाटावर बसून पदर सावरला. मग तिनं मला पिशवी मागितली आणि ती मोरपंखी साडी मामीच्या खांद्यावर ठेवली. सांगितलं की ही त्या वेळची आहे, घडीला पिवळी पडलीय, धुतली की जाईल. मामी म्हणाली, “धुते कशाला? पुढच्या लग्नात देते की,” आणि दोघी एकमेकींच्या अंगावर हात मारत हसल्या.

मग मामी माझ्याकडं वळली. हातात दुसरी एक साडी होती.

“आता तू. ये, बस.”

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. बसले असते तर बरं झालं असतं. पाट तीन पावलांवर होता, आणि त्या दिवशी मला कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा असं फार वाटत होतं.

“मी नाही बसणार, मामी.”

“आता का गं? आताच तर म्हणालीस, सही खोटी.”

“आईची खोटी होती. माझी खरी आहे.”

एक मावशी पुटपुटली, “बापावर गेली.” कुणी हसलं नाही. मामीनं मला क्षणभर न्याहाळलं, साडी खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं. “बरं बाई,” म्हणाली, “तुझं तुझ्यापाशी.” ती पुढच्या बाईकडं गेली. मी भिंतीपाशी परत जाऊन बसले. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका पाटाकडं सरकल्या होत्या, तिथं आई बसली होती आणि तिच्या साडीचा काठ हातोहात फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा आई निघाली नाही. मावशांनी तिला ठेवून घेतलं. मामानं मोटरसायकलवर मला स्टँडला सोडलं. उदगीरमार्गे लातूरची बस लागलेली होती, खिडकीची जागा मिळाली. शेजारची जागा उदगीरपर्यंत मोकळीच राहिली.

पाच दिवसांनी मी फोन केला. नांदेडला कधी येतेस, म्हणून विचारायला. मागं एवढा गलका होता की तिला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं.

“धर्माबादला आलेव,” ती ओरडून म्हणाली. “तुझ्या मावशीच्या नणंदेकडं. इथून बिलोलीला जायचंय. तू जेवलीस का?”

“जेवले. आई, ऐक ना—”

“मागून बोलते गं, इथं बायका बसल्यात,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.